उतरलं, बसा जेवायला

माझ्या दुकानात आपण होऊन आलेलं माणूस मी फारसं पाहिलेलं नाही. त्याला कुणीतरी आणलेलं असतं. लेकीने आणलेलं असतं, सुनेने आणलेलं असतं, आणि एकदा तर समोरच्या बिऱ्हाडाने आणलेलं होतं, कारण टीव्हीचा आवाज त्यांच्या देवघरापर्यंत जात होता. खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्यही ठरलेलं असतं. "मला व्यवस्थित ऐकू येतं हो, हल्ली लोकच पुटपुटतात." मी मान डोलावते. भांडायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, की कानाच्या मशीनबद्दल काहीतरी लिहा, पण माहितीपत्रक लिहू नका. माहितीपत्रकं मी आयुष्यभर वाटली आहेत, त्यामुळे त्यांची भीती रास्त आहे. शिवाय माझं मराठी बेंगळुरूचं. आमची माणसं इकडे कधी आली ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, तीनशे वर्षांपूर्वी असं म्हणायचं आणि पुढे बोलायचं. मोठ्या भावाला अण्णा, मोठ्या बहिणीला अक्का, आणि दर दोन वाक्यांमागे एक 'सरी', म्हणजे 'बरं'. पुण्याकडचे लोक ऐकून गालात हसतात. हसोत. कान तपासताना भाषा लागत नाही, बोट वर करता आलं की पुरतं.

तरी धंदा थोडा सांगायला हवा. लोकांना वाटतं मशीन म्हणजे कानाचा चष्मा. चष्मा नाकावर ठेवला की दिसायला लागतं. मशीनचं तसं नसतं. वर्षानुवर्षं शांत बसलेल्या डोक्यात एकदम सगळा बाजार भरतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी माणूस दचकतो, स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. महिनाभर चिकाटी धरली तर डोकं सरावतं. पण चिकाटी धरतं कोण? मी दिलेली कितीतरी मशीनं आज कपाटात, जुन्या चष्म्यांच्या शेजारी आराम करत असतील. याची मला खरोखर खंत आहे. पीण्या या उद्योगवसाहतीतल्या एका कारखान्यातले पर्यवेक्षक मला म्हणाले होते, "मॅडम, प्रेस चालू असताना मला सगळं कळतं, घरीच काही कळत नाही." कारखान्यात ते माणसांच्या ओठांकडे बघून समजून घेत होते. घरी बायको पाठमोरी उभी राहून बोलायची. त्यांना मशीन दिलं, आणि बायकोला समोर येऊन बोलायला सांगितलं. कशाचा गुण आला ते आजही मला माहीत नाही.

मला सांगायचंय ते मात्र चांदोरकरांबद्दल.

माझं दुकान बसवनगुडीत. चांदोरकर काका-काकू राहतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरुगेशपाळ्याला, जुन्या विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. या भिंतीपलीकडून आता प्रवासी विमानं सुटत नाहीत. लढाऊ विमानं मात्र उडतात, नवी बनवलेली, दुरुस्त केलेली, कसली कसली चाचणी चाललेली. त्या भागातल्या घरांमध्ये एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला आधी चमत्कारिक वाटते. विमान डोक्यावरून जायला लागलं की बोलणारा माणूस अर्ध्या शब्दावर थांबतो. ऐकणाराही थांबतो. कुणी कपाळाला आठी घालत नाही, कानावर हात ठेवत नाही. विमान गेलं की माणूस उरलेल्या अर्ध्या शब्दापासून पुढे चालू करतो. एका घरी तर मी लग्नाच्या बोलणीच्या वेळी हे पाहिलंय. मुलाकडचे त्याच गल्लीतले, ते शांत बसून राहिले. मुलीकडचे शहराबाहेरच्या होसकोट्याचे, ते बिचारे ओरडून ओरडून दमले.

चांदोरकर काका विमानाच्या कारखान्यात फिटर होते. तरुणपणी नाशिककडून आले ते इथलेच झाले. सगळं आयुष्य चालू इंजिनांच्या आसपास गेलं, आणि त्यांच्या काळात कानावर नीट काही घालायची शिस्त नव्हती. कापूस कोंबायचा, की झालं. अशा माणसांच्या कानाचं काय होतं ते मला आलेख काढायच्या आधीच माहीत असतं. जाड आवाज उरतात, बारीक आवाज जातात. ढोल ऐकू येतो, पैंजण नाही.

त्यांना काकूंनी आणलं होतं, पण तक्रार काकांची स्वतःचीच होती आणि ती मी आधी कधी ऐकली नव्हती. "हिचं बोलणं मला पुरेसं ऐकू येतं. जास्त आलं नाही तरी चालेल," ते म्हणाले. काकूंनी छताकडे पाहिलं. "मला विमान उतरलेलं ऐकायचंय."

विमान चढताना त्यांना कळत होतं. ते काय, बहिऱ्यालाही कळेल, छातीत धडधडतं, जमीन हलते. पण उतरताना इंजिन आवळलेलं असतं. तेव्हा वरून जाते एक बारीक शीळ आणि तिच्यामागे हवेचा सुस्कारा. ती शीळ त्यांच्या कानातून गेली होती.

मी चांगल्यातलं मशीन दिलं. पंधरवड्याने ते परत आले आणि मशीन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सरोजाबाई, तुमचं हे यंत्र विमान खातं."

बरोबर होतं त्यांचं. आजची मशीनं हुशार असतात. त्यांना शिकवलेलं असतं, की माणसाचं बोलणं ते सोनं आणि बाकी सगळा कचरा. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची बस, सगळं ती दाबून टाकतात. विमानही त्याच कचऱ्यात गेलं. मी म्हटलं, काका, मशीनमध्ये दुसरी बैठक, म्हणजे आवाजांची वेगळी जुळणी, बसवून देता येते. कानामागचं बटण दाबलं, एकदा टुक वाजलं की माणसांसाठी, दोनदा वाजलं की विमानांसाठी. पण चढणारं विमान वाढवून कानात सोडलं तर उरलासुरला कानही जाईल, म्हणून ते दाबायचं आणि शीळ तेवढी उचलायची. हे दुकानात बसून जमणार नाही. बसवनगुडीत मी विमान कुठून आणू?

"मग या की घरी," काका म्हणाले. "जेवायलाच या. पण आमच्याकडे जेवायची वेळ विमान ठरवतं, एवढं सांभाळून घ्या."

त्याचा अर्थ मला त्यांच्या घरी गेल्यावर कळला. काकांच्या हँगरमध्ये एक रीत होती. सकाळी ज्या विमानाला आपला हात लागला ते वर गेलं, की त्याची चाकं परत जमिनीला टेकेपर्यंत कुणी डबा उघडायचा नाही. हा नियम कुणी लिहिला नव्हता. नवीन आलेल्याने डबा उघडला तर शेजारचा वडीलधारा काही न बोलता झाकण परत लावायचा. एकदा हवा बिघडून विमान दुसऱ्याच गावी उतरलं आणि इकडे तो निरोप कुणी दिलाच नाही, तेव्हा सगळा हँगर संध्याकाळपर्यंत उपाशी. आणखी एकदा वैमानिकाला हवाई छत्रीने उडी घ्यावी लागली. तो होसकोट्याकडे नाचणीच्या शेतात सुखरूप उतरला, शेतकऱ्याने त्याला ताक पाजलं, आणि त्याच्या पोटात ताक गेल्याची बातमी आली तेव्हा यांचे डबे उघडले.

"निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली काका," मी म्हटलं. "आता ती विमानं तुमची कुठे?"

"कुणाचा तरी हात लागलाच असेल ना त्यांना," ते म्हणाले.

तर ही रीत त्यांनी घरी आणली होती. दुपारच्या जेवणाआधी विमान वर गेलं तर ते उतरेपर्यंत ताटावर बसायचं नाही. कान गेल्यापासून उतरल्याची वर्दी काकू देत होत्या.

त्या दिवशी आम्ही मागच्या गॅलरीत बसलो होतो. मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या, खिडकीची काच थरथरली, काकांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि आम्ही तिघंही अर्ध्या वाक्यावर थांबलो. विमान गेलं. काकू आत जाऊन पानं घ्यायला लागल्या. काका आभाळाकडे बघत बसले, मी लॅपटॉप उघडून शीळ येण्याची वाट बघत बसले. बराच वेळ गेला. मग आतून काकूंचा आवाज आला, "उतरलं हो. बसा जेवायला."

मी चपापले. मी काहीच ऐकलं नव्हतं. कान तपासणारीचेच कान गेले की काय, असं वाटून गेलं. काका उठून ताटावर बसले. अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची उसळ होती, घडीच्या पोळ्या होत्या, काकूंचा आग्रह होता. आम्ही ताकभातापर्यंत आलो आणि तेव्हा घराच्या छपरावरून ती गेली. स्वच्छ, बारीक, लांबत जाणारी शीळ, आणि मागून हवेचा सुस्कारा. विमान आत्ता उतरत होतं.

काका भात कालवत होते. काकू लोणच्याची बरणी पुढे सरकवत होत्या. दोघांपैकी एकाचंही बोट थबकलं नाही, पापणी हलली नाही. त्या घरात ते विमान उतरलेलं फक्त मी ऐकलं.

जेवण झाल्यावर मी ताटं उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. काकूंच्या मागे उभी राहून हळू आवाजात म्हटलं, "काकू, किती दिवस झाले?" त्या भांडी विसळत राहिल्या. मग मी समोर गेले आणि तेच विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. त्यांनाही उतरण्याचा आवाज येईनासा होऊन बरीच वर्षं झाली होती. वय झालं की बारीक आवाज जातात, त्यासाठी इंजिन लागत नाही. सुरुवातीला त्या शेजारच्या पाण्याच्या टाकीवरच्या पारव्यांवर लक्ष ठेवायच्या. विमान खाली आलं की पारवे उडायचे, मग या वर्दी द्यायच्या. पुढे शेजाऱ्यांनी दोन मजले चढवले आणि टाकी दिसेनाशी झाली. त्याच सुमाराला काकांना इन्सुलिन लागलं. सुई टोचून घेतलेला माणूस विमानाची वाट बघत उपाशी बसतो, त्याचे हात कापायला लागतात, कपाळावर घाम येतो, तरी उठत नाही. एकदा खुर्चीतून घसरलेच. तेव्हापासून काकू ऐकल्याशिवायच 'उतरलं' म्हणायला लागल्या.

"तुम्ही त्यांना ते विमानांचं बटण देऊ नका," त्या म्हणाल्या. "बोलण्यापुरतं मशीन ठेवा. सांगा, की जमत नाही म्हणून."

मी पेचात पडले. आमच्या धंद्यात ज्याचा कान तो मालक. काकांनी शीळ मागितली होती आणि ती देणं मला जमत होतं. पण ती दिली, की त्याच दुपारी त्यांना कळणार होतं की बायको आपल्याला वर्षानुवर्षं खोटं सांगत आली, आणि विमानं हवेत असताना आपण जेवत आलो. मग ते तिच्या शब्दावर जेवणार नव्हते. खुर्चीतून घसरणं परत सुरू झालं असतं. आणि काकूंची लाज वेगळीच.

मी म्हटलं, खोटं नाही सांगणार काकू, पण स्वल्प थांबते. तुम्हीच सांगा त्यांना. आणि एकदा तुमचाही कान बघू या.

पुढच्या वेळी काका दुकानात आले तेव्हा सोबत म्हणून काकूही आल्या. काकांना बाहेर वर्तमानपत्र देऊन मी काकूंना आवाजबंद खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच काम. मी बारीक बारीक आवाज सोडत होते आणि काकू दर वेळी बिनचूक बोट वर करत होत्या. मला शंका आली. काचेतून त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी बटण दाबलं की बोट वर. मी पाठ फिरवून बसले, आणि मग बोट वर यायचंच थांबलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "सवय हो. न ऐकता ऐकल्यासारखं करायची." काकांना मी सांगते, माझ्या तोंडाने सांगते, असं त्यांनी मला कबूल केलं.

त्यांनी सांगितलं नाही. का ते मी विचारलंही नाही. तशी गोष्ट कुठल्या वेळी सांगायची? सकाळच्या चहाला की रात्रीच्या गोळ्यांना?

तर मी दुसरी बैठक बसवायला परत त्यांच्या घरी गेले. काकांच्या मशीनमध्ये ती घातली, बटण कसं दाबायचं ते दाखवलं. काका परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. वाट्या किणकिणल्या. विमान चढलं. काकांनी बटण दाबून दोनवर आणलं आणि आभाळाकडे तोंड करून बसले. मी काकूंकडे बघत होते. त्यांनी पानं घेतली, पाणी ठेवलं, आणि नेहमीचा वेळ झाल्यावर, मला वाटतं निव्वळ सवयीने, त्या म्हणाल्या, "उतरलं हो. बसा."

काकांनी मान वळवली. उठले, ताटावर बसले आणि पहिला घास घेतला. मला वाटलं माझी बैठक फसली, मशीनने काही दिलंच नसेल.

मग शीळ आली. काकांचा हात ताटात तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटले. शीळ छपरावरून गेली, लांबली, सुस्कारा आला, पार पुसला गेला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते भरलेले होते. काकू कोशिंबीर वाढत होत्या.

"अगं, आत्ता उतरलं," काका म्हणाले.

"मघाशीच सांगितलं ना मी."

"मघाशी नव्हतं उतरलं."

काकूंनी वाडगा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, आणि मी खालच्या मानेने पोळीचा तुकडा मोडत बसले. नवराबायकोच्या मध्ये पडू नये हे कळतं, पण उठून जायला जागा नव्हती.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला इन्सुलिन लागलं तेव्हापासून."

काकांनी ताट पुढे सारलं. आवाज चढला नाही त्यांचा, पण चेहरा असा झाला की मला बघवेना. "म्हणजे ते वर होतं, आणि मी जेवत होतो. इतकी वर्षं."

"हो, जेवत होतात," काकू म्हणाल्या. "आणि सगळी परत आली. एकूणएक आली. तुम्ही उपाशी बसून ती उडत नव्हती. तुम्ही मात्र पडला असतात. विमानं बघायला सगळा कारखाना आहे, तुम्हाला बघायला मी एकटी होते."

रस्त्यावर पालेभाजीवाला 'सोप्पू, सोप्पू' ओरडत गेला. काका भिंतीकडे बघत होते. मग त्यांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली, हे मला त्यांच्या कपाळावर दिसलं.

"म्हणजे तुला आत्ताही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिचे कान शाबूत आहेत म्हणून माझं भागतंय." ते माझ्याकडे वळले. "सरोजाबाई, हिचा कान बघा आधी."

"बघितलाय, काका."

"छान. म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. विमानालाही माहीत असेल." आणि त्यांनी ताट परत जवळ ओढलं. भात गार झाला होता. काकूंनी त्यावर गरम वरण घातलं. मला रडू येत होतं, ते मी लोणच्यावर ढकललं.

मशीन घ्यायला काकूंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. अट मात्र एकच घातली. "मला विमान नको. बाकी काय द्यायचं ते द्या."

काकांना हे कळेना. "तुला आवडायचं की. गच्चीवर यायचीस माझ्याबरोबर बघायला."

"तुमच्याबरोबर यायचे," काकू म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं ते काकांनाही नवीन होतं. लग्न होऊन त्या बेंगळुरूला आल्या त्याला थोडेच दिवस झाले होते, आणि वैमानिक नाचणीत उतरला तो दिवस आला. शेजारणी फाटकात उभ्या राहून विमान पडलं, विमान पडलं म्हणत होत्या. काकूंना कन्नड येत नव्हतं, एवढं मात्र कळलं. फिटर विमानात बसून वर जात नाही, हे नवीन नवरीला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारपासून संध्याकाळपर्यंत फाटक धरून उभ्या होत्या. काका आले, हात धुतले, डब्याचं सांगितलं, हसत हसत ताकाचं सांगितलं. काकूंनी त्यांना वाढलं. पण तेव्हापासून वाट्या किणकिणल्या की त्यांच्या पोटात गोळा यायचा. पन्नासेक वर्षं रोज. काकांचे कान गेल्यावर त्याच आवाजावर लक्ष ठेवून त्या त्यांना वर्दी देत राहिल्या आणि हे कधी बोलल्या नाहीत.

"आधी का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही आभाळाकडे बघत असायचात," काकू म्हणाल्या. "छान दिसायचात."

मी दोघांची मशीनं एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसवली. जात एकच, रंग एकच. काकांच्या मशीनला मी विमान खाऊ नकोस म्हणून शिकवलं होतं. काकूंच्या मशीनला सांगितलं, जेवढं खाता येईल तेवढं खा. कानात घट्ट बसणारे साचे करून दिले, म्हणजे बाहेरचा धडधडाटही फारसा आत शिरू नये. अगदी नाहीसा होत नाही तो, मशीन काही जादू नाही. पण काकू म्हणाल्या, की आता लांब कुणाकडे तरी मिक्सर चालल्यासारखं वाटतं, आणि मिक्सरने कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

मध्यंतरी साचे तपासायला गेले होते. थंडीचे दिवस होते, परत अवरेकाळू होती, परत आग्रह. गॅलरीत बसलो होतो. काकू वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या, हॉल कसा मिळाला, सासू कशी आहे. इतक्यात वाट्या किणकिणल्या. मी थांबले, काका थांबले, रस्त्यावरचा इस्त्रीवाला हातात इस्त्री धरून थांबला. काकू थांबल्या नाहीत. विमान डोक्यावरून जात होतं आणि त्या हात हलवून, भुवया उंचावून, सासूचं सांगत होत्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काकांनाही येत नसणार. त्यांचं बटण दोनवर होतं, तोंड आभाळाकडे होतं.

मग त्यांनी मान खाली केली आणि काकूंच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले. त्यांचा हात कानामागे गेला, आणि त्यांनी बटण परत एकवर आणलं. विमान गेलं, काकू बोलतच होत्या, आणि काका विचारत होते, "मग सासू काय म्हणाली?"

एकवर ठेवलं की शीळ ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. सासूचं प्रकरण संपलं, काकू आत जाऊन पानं घेऊन आल्या. काका सुई टोचून घेऊन ताटासमोर उभे राहिले, पण बसले नाहीत.

"उतरलं का गं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डब्यातली पोळी उचलून त्यांच्या ताटात ठेवली. "केव्हाच उतरलं. बसा जेवायला."

काका बसले. चित्राहुती घातली, आचमन केलं, आणि पहिला घास घेतला.

माझे कान अजून चांगले आहेत. आभाळात दूर कुठेतरी ते विमान अजून गुरगुरत होतं. मी मुकाट्याने उसळ वाढून घेतली.